एकतीस नंबरची फुली

२ फेब्रु., सोम.
रजिस्टर पुन्हा माझ्याकडे. गिरिजा मिस म्हणाल्या, "दत्ता, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. मी ओढलेल्या रेघा मलाच कळत नाहीत."
दहावी क, पट ६१. सकाळी हजर असेल त्याच्यापुढे एक तिरकी रेघ. जेवणानंतर दुसरी, की फुली पुरी होते. नसेल तर A. सकाळच्या रेघा मोजून आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि स्वयंपाकघरात सावित्रीअक्कांकडे द्यायचा. तेवढी अंडी वर्गाला मिळतात. दुपारच्या रेघा आणि अंडी जुळली पाहिजेत. संध्याकाळी मिस त्याच फुल्या बघून हजेरी फोनमध्ये चढवतात.
आज ५४. तीनदा मोजलं.
नियमाने हे काम शिक्षकांचं. एच. एम. सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तसं सगळ्या शिक्षकांना बजावलेलं आहे. त्यामुळे सर वऱ्हांड्यात दिसले की मी रजिस्टरवर विज्ञानाचं पुस्तक ठेवतो. चौदाशे मुलांच्या शाळेत सर नेमके आमच्याच वऱ्हांड्यात येतील असं मला रोज वाटतं.

३ फेब्रु., मंगळ.
पी. टी. सर आज पुन्हा मला चुकून "सर" म्हणाले. वर्ग हसला. एकोणीस वर्षांचा मुलगा दहावीत म्हटल्यावर हसणारच. निपाणीकडे गणित आणि विज्ञान राहिलं, मग दोन वर्षं इथे के. आर. पुरमला दुकानात काम. नापासांना पुन्हा वर्गात बसता येतं हे मामाने ऐकून आणलं आणि सरांना भेटून मला घातलं. वर्गातली सगळी मला अण्णा म्हणतात.
शेजारी मुनिराजू, नं. ३१. पंधरा वर्षांचा, माझ्या खांद्याला लागतो. कानडीच्या तासाला तो मला हळू आवाजात वाचून दाखवतो, गणितात मी त्याला. माझ्या कानडीबद्दल म्हणतो, "अण्णा, तुमची कानडी पाहुण्यासारखी. दारात उभी राहते, या म्हटल्याशिवाय आत येत नाही."
त्याच्या A मोजल्या. आणखी चार पडल्या तर हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली, म्हणजे हॉल तिकीट नाही. यादी वीस तारखेला जाणार. जानेवारीत दोनदा तो सकाळची हजेरी झाल्यावर मागून निघून गेला आणि शेवटच्या तासाला परत आला. दोन्ही वेळा मला म्हणाला, "अण्णा, स्वल्प अडजस्ट माडी." म्हणजे जरा सांभाळून घ्या. दोन्ही वेळा मी दुसरी रेघ ओढली.
हे या वहीत लिहितो कारण मराठी इथे कोणी वाचत नाही. तरी वही तांदळाच्या डब्यामागे ठेवतो.

५ फेब्रु., गुरु.
मु. आज पुन्हा गेला. १०.०५. मी पाणी प्यायला गेलो होतो म्हणून पाहिलं. संडासांमागची भिंत पडलेली आहे तिथून. वर्दीचा शर्ट काढून दप्तरात कोंबला. आत पिवळा टी-शर्ट होता, पाठीवर काहीतरी छापलेलं.
"कुठे?"
"आल्यावर सांगतो. ऊटाच्या आत येतो, अण्णा." ऊट म्हणजे दुपारचं जेवण.
बेकरीवरून स्टेशनच्या रस्त्याला लागला. एकटाच.
जेवण झालं, आला नाही. सकाळची चिठ्ठी ५६ ची गेली होती आणि मुलं ५५. अंडी ५६ आली. एक उरलं तर अक्का परत पाठवतील, मिसना विचारतील. मी दोन घेतली. दुसरं नळामागे उभा राहून खाल्लं.
मग दुसरी रेघ ओढली. शेवटच्या तासालाही आला नाही. उद्या त्याला रागावणार आहे.

६ फेब्रु., शुक्र.
मु. घरी गेलेला नाही.
साडेनऊला त्याचे वडील गेटवर उभे. फरशी बसवायचं काम करतात, पायांवर पांढरी धूळ तशीच. एच. एम. सर, गि. मिस, दोघे-तिघे शिक्षक जमले. मिसनी रजिस्टर मागवलं. मीच नेऊन दिलं.
मिस म्हणाल्या, "हे बघा. सकाळ, दुपार, दोन्ही हजर."
सर म्हणाले, "म्हणजे शाळेच्या वेळेत काही झालेलं नाही." सगळ्यांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला.
वडिलांनी फुलीवर बोट ठेवलं. म्हणाले, "म्हणजे दुपारी जेवला होता."
कोणीतरी हो म्हणालं.
मी तिथून निघून नळामागे जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा ते गेलेले होते. आज दिवसभर तो येईल, उशीर झाला म्हणून हसत येईल, असं धरून बसलो. सकाळी त्याच्यापुढे A घातली. आता तीन उरल्या.

७ फेब्रु., शनि.
पोलीस आले. एस. आय. बाई आहेत, आवाज चढवत नाहीत. त्याची जास्त भीती वाटते. ऑफिसात मोठ्या गेटच्या कॅमेऱ्याचं गुरुवारचं चित्रण लावलं, ४.२० पासून. पडदाभर पांढरे शर्ट, निळ्या पँटी. बाई आणि मु. चे वडील एकेक चेहरा थांबवून बघत होते. वडील दोनदा म्हणाले, "हा! हा!" दोन्ही वेळा दुसराच कोणाचा तरी मुलगा.
मी दारात. वाटलं आत जावं आणि १०.०५ म्हणावं. चार आकडी वेळ. गेलो नाही.
मग शेजारी बसणारा म्हणून मलाच बोलावलं.
"शेवटचा कधी पाहिलास?"
"शाळा सुटताना, मॅडम."
"कुठे?"
"गर्दीत."
त्यांनी लिहून घेतलं. रजिस्टरच्या पानाचा फोटोही काढला.
रेघ ओढली ती मु. साठी. आजचं कोणासाठी बोललो? मिसचं नाव येईल, मला काढतील, मामा काय म्हणेल, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि तोंडातून "गर्दीत" गेलं.

८ फेब्रु., रवि.
मामी म्हणाली कोथिंबीर आण. मार्केटच्या खांबावर नोटीस लावलेली होती. कानडीत, फोटोसह. मला वाचून दाखवणारा त्या फोटोतच, म्हणून एकेक अक्षर जोडत वाचली. अर्धा तास लागला असेल. माणसं धक्के देऊन जात होती.
नाव. वय पंधरा. अंगावर शाळेची वर्दी, पांढरा शर्ट, निळी पँट. गुरुवारी संध्याकाळी ४.२० नंतर बेपत्ता.
नाव आणि वय खरं. बाकीचं माझं.
स्टेशनवर, बसस्टँडवर, सगळीकडे लोक पांढऱ्या शर्टातला मुलगा शोधताहेत. पिवळ्यातला समोरून गेला तर कोणी वळूनही बघणार नाही.
कोथिंबीर विसरून आलो. मामा म्हणाला, "काय रं, तोंड का पडलंय?" शेजारचा मुलगा हरवला एवढं सांगितलं. मामा म्हणाला, "पोलीस इचारतील तेवढंच सांग. जादा शहाणपणा नको. तुला घ्या म्हणून त्या सराच्या किती येरझारा घातल्यात मी, ठाऊक हाय का? ह्या टायमाला दहावी सुटली पायजे."
सुटली पाहिजे हे मलाही कळतं. पुन्हा दुकानात उभं राहायची भीती वाटते. पण ती भीती आता दुसऱ्या नंबरला गेली.

९ फेब्रु., सोम.
चिठ्ठी द्यायला स्वयंपाकघरात गेलो. सावित्रीअक्का भाताच्या हंड्यापाशी होत्या. त्या इथल्याच, तीन-चार पिढ्यांच्या. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असतं, तरी शाळेत माझ्याशी मराठी बोलणारं तेवढंच माणूस.
चिठ्ठी घेतली नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी दोन मोट्टे घेतलास नव्हे तू?"
मी म्हणालो, "कोणत्या दिवशी?"
"दिवस मला इचारतोस? वर्ष झालं तुला वाढते. अंडं दिलं की अर्धं तसंच ठेवणारा तू. गुरुवारी दोन उचललास, तेव्हाच म्हटलं, आज काय येवढी हशिवु?" हशिवु म्हणजे भूक.
मी चिठ्ठी पुढे धरूनच उभा.
"तो पोरगा जेवायला बसला नव्हता. रांगेत मीच वाढते, मला दिसतं. पोलीस मला कशाला इचारतील? मी भात शिजवणारी."
"अक्का, तुम्ही सांगणार?"
"मी का सांगू? फुल्या तू घालतोस. तूच सांग." मग चिठ्ठी हातातून ओढून घेतली. "सरी, बरं, जा आता. भात लागेल."
वर्गात येऊन बसलो. दोन तास काय शिकवलं ठाऊक नाही. पेनाने बोट टोचून बघितलं.

१० फेब्रु., मंगळ.
मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मिस एकट्या होत्या. सांगितलं. उभ्यानेच, एका दमात, अर्धं कानडी अर्धं इंग्रजी.
मिस आधी रागावल्याच नाहीत. म्हणाल्या, "किती वाजता?"
"१०.०५."
"मागून?"
"हो मिस."
त्यांनी रजिस्टर उघडलं. ३१ च्या ओळीवर बोट नेलं, काढून घेतलं. "त्या दुपारची हजेरी मी फोनमध्ये चढवली आहे. माझ्या नावाने. वर्गात डोकं वर करून बघितलंसुद्धा नव्हतं." मग एकदम म्हणाल्या, "ही दुसरी रेघ…" आणि माझ्याकडे बघितलं.
मी म्हणालो, "पानाचा फोटो पोलिसांकडे आहे, मिस."
त्या खुर्चीत बसल्या. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं, हे मला नाही, भिंतीला सांगितल्यासारखं बोलल्या. मग म्हणाल्या, "आज मला घरी जाऊ दे. उद्या सकाळी मी स्वतः सरांना सांगते. तू कुठे बोलू नकोस. सांगते म्हटलं ना?"
बाहेर आलो तर इतकं हलकं वाटलं की जिने दोन-दोन उतरलो. सहा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

११ फेब्रु., बुध.
मिस आल्या नाहीत. रजा.
प्रार्थनेला उभा राहून गेटकडे बघत होतो. दहा वाजले, सव्वादहा झाले. आमच्या वर्गावर गणिताचे सर पाठवले. ते म्हणाले, "रजिस्टर कोण भरतं? भर." मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. म्हणालो, "अक्का, माझ्याबरोबर या."
त्यांनी हात पुसले आणि निघाल्या.
एच. एम. सरांच्या खोलीत एस. आय. बाई मु. च्या मित्रांची नावं घेत होत्या. मु. चे वडील कोपऱ्यात. मी तोंड उघडलं आणि कानडी गेली. एक शब्द येईना. म्हणून ही वही काढली (कालपासून दप्तरात आहे, का ते माहीत नाही) आणि गुरुवारचं पान वाचलं. मी एक वाक्य वाचायचो, अक्का कानडीत सांगायच्या. भिंत. पिवळा टी-शर्ट. बेकरी. स्टेशनचा रस्ता. अंड्याचं वाक्य आलं तेव्हा मी थांबलो. अक्का म्हणाल्या, "वाच." वाचलं. त्यांनी तेही सांगितलं. वडिलांकडे बघायची हिंमत झाली नाही.
सर ओरडले, "रजिस्टर तुझ्या हातात दिलं कोणी?"
बाई म्हणाल्या, "ते नंतर." मग मला तीनदा तेच विचारलं. वेळ नक्की? शर्ट नक्की? एकटाच? तीनदा हो.
बेकरीच्या बाहेर कॅमेरा आहे. एक पोलीस पळत गेला. वीस मिनिटांनी आला. बेकरीवाला म्हणतो, पाच दिवसांचं राहतं, मागचं आपोआप पुसतं. गुरुवारचं कालपर्यंत होतं.
बाई नुसतं म्हणाल्या, "काल."
काल मी जिने दोन-दोन उतरत होतो.
स्टेशनच्या कॅमेऱ्याचं जास्त दिवस राहतं म्हणे. त्यासाठी पत्र द्यावं लागतं. पत्र गेलं आहे.

१२ फेब्रु., गुरु.
सरांनी सांगितलं, निर्णय होईपर्यंत वर्गात बसायचं नाही. परीक्षेला बसवायचं का तेही वरून विचारून. मामाला बोलावून घेतलं होतं. मामा सरांसमोर हात जोडून उभा होता आणि मी त्याच्या चपलांकडे बघत होतो.
बाहेर पडताना गि. मिस भेटल्या. त्यांनाही लेखी उत्तर मागितलंय. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "मला खरंच ताप होता, दत्ता."
मी हो म्हणालो. असेलही. मी कोणाचं खरं-खोटं ठरवणार?
घरी मामा जेवला नाही. मामी म्हणाली, "बोललास ते बरं केलंस." मामा आतून म्हणाला, "बरं केलं, पर सहा दिस उशिरा केलं. निम्मं कुणाच्याच कामाचं न्हाई." बरोबर आहे.
स्टेशनवरून अजून काही कळलेलं नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
संध्याकाळी दार वाजलं. मु. चे वडील. मला वाटलं मारायला आले. मामालाही तेच वाटलं असावं, दारात आडवा उभा राहिला.
ते आत आले नाहीत. तिथूनच मला विचारलं, "पिवळा म्हणजे कसला पिवळा?"
मला सांगता येईना. आमच्या मसाल्याच्या डब्यातली हळद दाखवली. म्हणालो, याहून थोडा फिका.
"बाह्या?"
"अर्ध्या."
"पाठीवर काय लिहिलं होतं?"
"अक्षरं होती. वाचली नाहीत."
त्यांनी हळदीला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "त्याच्याकडे पिवळा शर्ट नाही. त्याचे कपडे मी आणतो. सगळे मला माहीत आहेत."
मग तो दिला कोणी? जानेवारीत दोनदा कोणाकडे गेला होता? हे दोन्ही प्रश्न त्यांनी मोठ्याने विचारले नाहीत, पण आम्ही तिघेही तेच विचार करत होतो. पहिल्या खेपेलाच A घातली असती तर मिसनी घरी फोन केला असता. नियमच आहे, दुपारी नसेल तर घरी कळवायचं.
जाताना म्हणाले, "उद्या मी रेल्वेने जातोय. प्रत्येक स्टेशनला उतरून विचारणार. तो शर्ट पाहिलेला तू एकटा. सात चाळीसच्या गाडीला येशील?"
मामा म्हणाला, "ह्यो कुठं जाणार न्हाई. पोलिसांचं काम पोलीस करतील."
ते मान हलवून गेले. जिन्यावर पांढरी पावलं उमटली होती, मामीने पुसली.

१४ फेब्रु., शनि.
(गाडीत लिहितो. अक्षर हलतंय.)
मामा आंघोळीला गेला तेव्हा निघालो. फलाटावर ते आधीच उभे होते, पिशवीत नव्या नोटिसा आणि खळीचा डबा. मला बघून एक नोटीस हातात दिली. अक्षर अक्षर वाचली. पिवळा टी-शर्ट. सकाळी १०.०५. पाठीवर छपाई. आता सगळं बरोबर आहे. सहा दिवस चुकीचं लावलेलं फाडून हे लावायचं.
रात्री स्टेशनच्या कॅमेऱ्यात एक पिवळा दिसला म्हणे, पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर, पाठमोरा. तो मु. आहे की नाही सांगता येत नाही. शेजारी कोणीतरी उभं आहे. ते त्याच्याबरोबरचं आहे की नुसतं उभं आहे, तेही सांगता येत नाही. मी म्हणालो होतो एकटाच. बेकरीपर्यंत एकटाच होता. पुढचं मला ठाऊक नाही, हे मी बाईंना नीट सांगितलं होतं का? आठवून बघतोय.
गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "घरी सांगून आलास ना?"
मी खिडकीबाहेर बघितलं. हो म्हणणार होतो. जीभ वळली होती.
"नाही."
त्यांनी फोन काढला. "नंबर सांग." सांगितला. मामाने लगेच उचलला, त्याचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. ते म्हणाले, "मी मुनिराजूचा बाप. तुमचा मुलगा माझ्याजवळ आहे. माझ्या शेजारी बसलाय. घाबरू नका."
मामा काहीतरी बोलत राहिला. ते ऐकत राहिले, मध्ये एकदा डोळे मिटून. मग फोन माझ्याकडे दिला. मामा म्हणाला, "उतरशील तिथनं फोन कर. परतेक ठिकाणावनं."
व्हाइटफील्ड आलं. उतरतो.